आज आवतन घ्या

बसा रं पोरांनो. लाईट काय तासाभरात येत न्हाई, पिरंगुटाला डीपी गेलाय म्हनं. खोलीत घामानं निथळन्यापरीस हितं गच्चीवर वारा तरी हाय. जुईली, ती चटई वढ हिकडं. मनीषराव, तुमी बसा न्हाईतर उभं ऱ्हावा, तुमची मर्जी. दुपारपास्नं तोंड फुगवून हिंडताय ते दिसलंय मला.

समोरच्या रत्नावैनी तुला वरडल्या ना, अंगनातल्या लाल खुर्चीत बसलास म्हनून? "भाडेकरू म्हंजी काय मानसं न्हाईत का," असं जुईलीला म्हनत व्हतास जिन्यात. ऐकलं मी. अरं, त्या बाईनं उभ्या जल्मात कुत्र्याला हाड म्हनलेलं न्हाई. ती वरडली म्हंजी कायतरी असंल का न्हाई?

सांगतो. पन मधी मधी "असं कसं, तसं कसं" करायचं न्हाई. मी बघितलं तेवढं माझं, कैलासनं सांगितलं ते कैलासचं. मी तिखटमीठ लावत न्हाई. मला भुतंखेतं कळत न्हाईत, आन कळून घ्यायची हौस बी न्हाई.

तशी गोष्ट साधी हाय. कैलास बैल आनाया गेला व्हता.

कैलास म्हंजी रत्नावैनीचा नवरा, माझा लंगोटीयार. साल दोन हजार सोळा. सप्टेंबरची एकोनतीस तारीख, गुरुवार. तारीख पक्की ध्यानात हाय, कारन त्या दिवशी टीव्हीवर सकाळपास्नं निस्तं सीमेवरच्या सैन्याचं चाललेलं. दुसऱ्या दिवशी भादव्यातली आवस, तुमच्या पंचांगातली सर्वपित्री. आमचा बैलपोळा त्याच दिवशी असतो. काय म्हनलास, तुमच्या वर्ध्याला श्रावनात? असंल. तुमचं बैल तुमच्या टायमानं जेवत असतील. आमच्या मुळशीत पितरांची आन बैलांची पंगत एकाच दिवशी.

आता कैलासच्या गोठ्यात बैल कुटला? बैल इकून सात वर्सं झालेली. गोठ्याच्या जागी चार खोल्या काढल्या, तितं तुमच्यासारखी पोरं ऱ्हायाची, हिंजवडीला जानारी. अंगनाला सिमेंटचं ब्लॉक. जनावराच्या नावानं घरात एक मांजर.

पन नाना अडून बसला. नाना म्हंजी गेणबा, कैलासचा बाप. सारा गाव त्याला नाना म्हनायचा. वय त्र्यान्नव. दात न्हाईत, पन कान पोरासारखं. त्यानं सात दिस झालं ताट सरकावलेलं. पानी घ्यायचा, घोटभर च्या घ्यायचा, बाकी तोंड मिटून भिंतीकडं बघत पडायचा. डॉक्टरनं घरी यून बघितलं, म्हनला आजार कायबी न्हाई. सलाईन लावली तर नानानं सुई उपटून टाकली. कैलास पायाशी बसून रडला, "नाना, काय चुकलं आमचं? एक घास घे." तवा नाना सात दिसांत पैल्यांदा सरळ बोलला.

"दारात बैल जेवल्याबिगर मी जेवनार न्हाई."

झालं. बाप उपाशी मरतोय, आन तो एक बैल मागतोय. कोन न्हाई म्हनंल? वैनीचा भाऊ शैलेश, पौडाच्या पल्याड त्याचं गाव. त्याच्याकडं एक बैल उरला व्हता, चांद्या. जोडीदार मेल्यापास्नं एकटाच. कैलास दुपारी टेंपो घून गेला. दोन दिसांसाठी बैल आनायचा, पोळा करायचा, परत न्यून घालायचा. अर्ध्या दिसाचं काम.

तर चांद्या टेंपोत चढंना.

फळी लावली, पेंड दावली, मागनं चौघांनी रेटा दिला. फळीवर पुढचं दोन पाय ठेवायचा, आतल्या अंधारात बघायचा, आन मागं सरायचा. शैलेश म्हनला, "दाजी, ऱ्हाऊ द्या आजच्याला. सकाळी बघू." पन ऱ्हाऊ देऊन कसं चालंल? पोळ्याच्या आदल्या सांजचं खांदेमळनी करायची असती. जू ओढून बैलाचा खांदा वर्सभर सोलवटलेला असतो, त्याला हळद आन लोनी चोळायचं, आन मंग उद्याच्या जेवनाचं आवतन द्यायचं...

थांब. मनीष, थांब.

ठाऊक हाय मला, तुमच्यात बी असतं. ठाऊक हाय काय म्हनत्यात ते. पन आज म्हनू नको. हितं मोठ्यानं म्हनू नको. का ते कळंलच.

तर कैलासनं टेंपो माघारी लावला आन कासरा हातात घून पायी निघाला. शैलेशच्या बायकोनं स्टीलच्या डबीत हळद-लोनी दिलं. "भावजी, तिन्हीसांजेला जितं असाल तितं मळा, येळ चुकवू नका," म्हनली. हा व्हय म्हनला आन डबी खिशात टाकली. साडेपाच झालं व्हतं. बैलाच्या चालीनं साडेतीन-चार तासाची वाट.

पौडाचं दिवं मागं पडलं. मोठ्या रस्त्याला गाड्यांचा नुसता पूर, म्हनून त्यानं कडंची जुनी वाट धरली, जी भरे गावाच्या अंगाला निघती. ती वाट आता कुनी चालत न्हाई. चांद्या चांगला चालत व्हता. कैलास म्हनतो, लई दिसांनी बैलासंगं चाललो, बरं वाटलं. बापाला काय काय सांगायचं ते मनात जुळवत चाललेला.

वाटंत एक ओढा लागतो, तांड्याचा ओढा. नाव का पडलं ते आमाला कुनालाच ठाऊक नव्हतं. त्यावर मोरी हाय, लहानशा पुलागत, कडंला गुरांना पानी पाजायची जुनी दगडी डोनी. आठाला पाच-सात मिन्टं कमी व्हती. चांद्या मोरीपाशी उभा ऱ्हायला.

कासरा वढला. न्हाई. थोपटला. न्हाई. कान म्होरं टाकून, नाकपुड्या फुलवून पानी हुंगल्यागत करत व्हता. पानी तर मोरीखाली गपचीप वाहत व्हतं.

कैलासला वाटलं, दमलाय. आन डबीची आठवन झाली. तिन्हीसांज तर कवाच उलटून गेलेली. त्यानं मनाशी म्हनलं, हितंच मळावं, जनावर निवल. डबी काढली. चांद्याच्या खांद्याला हळद-लोनी चोळलं. बैल शांत झाला. आन जसं त्याच्या बापानं, आज्यानं म्हनलं तसंच त्यानं म्हनलं. हळू न्हाई, मोठ्यानं. लाजायचं कशाला, रानात व्हतं कोन?

"आज आवतन घ्या... उद्या जेवाया या."

मी ते बारीक आवाजात सांगतोय, आन एकदाच सांगतोय.

चांद्या चालू लागला. मोरी वलांडली. आन कैलास म्हनतो, आपून मोरीच्या पल्याड दहा-वीस पावलं गेलो असू. मागं मोरीवर खुरं वाजली.

एका बैलाची न्हाई.

तो थांबला. मागं बी थांबलं. हा निघाला. मागं बी निघालं. मागं बघायचं म्हनून त्यानं मान वळवायला घेतली आन... वळंना म्हनतो. खांदं दगडासारखं झालं. मोबाईलची बॅटरी म्होरं धरली, मागं न्याचं धाडस न्हाई झालं. निस्ता वास येत व्हता. शेन, घाम, वली कातडी. पावसात गोठ्याचं दार उघडलं का येतो ना, तसा. आन उबारा. मानंवर श्वासाचा उबारा.

चांद्या बिचकला म्हनावं, तर तेबी न्हाई. उलटा मान उचलून चाललेला. सावकाश. म्होरक्यासारखा. कैलासनं कासरा मारला, पळवायला बघितलं. चांद्यानं चाल बदलली न्हाई.

मोटारसायकल आली एक समोरनं. हेडलाईट अंगावर. पोरगं बाजूनं निघून गेलं, वाटंत कायच नसल्यावानी, सुसाट. कैलासचा जीव भांड्यात पडला. म्हनला, बघ, कायबी न्हाई. मनाचं खेळ. मागं काय असतं तर गाडी गेली असती का मधनं?

असं म्हनत तो कंपनीच्या गेटापाशी आला. भऱ्याच्या अलीकडं, लोखंडी फाटक हाय ना, तेच. तितला वॉचमन भायेरचा मानूस, बिहारकडचा. आतनं येक कंटेनर भायेर निघत व्हता. वॉचमननं बैल बघितला, आन हात करून कंटेनर थांबवला. चांगला मानूस. जनावराला वाट दिली. कैलासनं त्याला मान डोलावली आन फाटकासमोरनं गेला.

एका बैलाला किती येळ लागतो रं फाटकासमोरनं जायला? धा सेकंद? पंधरा?

कैलास पन्नास पावलं म्होरं गेला. कंटेनर सुटल्याचा आवाज येईना. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, शिव्या देतोय. आन वॉचमन वरडून सांगतोय, "अरे रुको भाई. अभी आ रहे हैं... खतम ही नहीं हो रहे."

तवा कैलासची मान वळली. त्यानं फकस्त वॉचमनकडं बघितलं. फाटकाचा दिवा व्हता. वाट रिकामी. आन वॉचमन हात आडवा धरून उभा. त्याची नजर सरकत व्हती. हिकडनं तिकडं. परत हिकडनं तिकडं. मोजल्यागत.

...

पानी दे जुईली.

आता माझं सांगतो. मी नानापाशी बसलो व्हतो. वैनी सैपाकात. आठला पाच-सात कमी असतील. नाना भिंतीकडं तोंड करून पडलेला. एकदम म्हनला, "कुशाबा, खुरं वाजत्यात."

मी म्हनलं, "नाना, कैलास अजून लांब हाय. यील नवाला."

तो म्हनला, "लई हायेत."

 म्हाताऱ्याचं डोकं उपाशीपोटी फिरलं असं वाटलं. साडेनवाला चांद्या अंगनात आला. मी भायेर आलो तर कैलास पांढराफटक. कासरा माझ्या हातात दिला आन तडक आत गेला, बापापुढं बसला. मी बैल खांबाला बांधून मागनं गेलो तवर नाना खाटंवर उठून बसलेला. सात दिस मान उचलत नव्हता तो मानूस.

"मळला खांदा?"

"व्हय नाना."

"कुटं?"

"तांड्याच्या ओढ्यावर."

नाना खाटंच्या काठाला सरकला. मंग त्यानं कैलासचं मनगट धरलं. आवाज इतका बारीक की मी वाकून ऐकला.

"घे म्हनलास, का घ्या म्हनलास?"

कैलासला कळंना. "आपून म्हनतो तसंच म्हनलं. घ्या."

"बैल किती व्हतं तुज्याम्होरं?"

"...येक."

"मंग घ्या कुनाला म्हनलास, लेका?"

जुईली, हसू नको. घ्या म्हनायची रीतच हाय. जोडी असती दारात, आन पोळ्याला बैलाचा मान, म्हनून. एकटा असला तरी जिभंला वळन तेच. कुनी बी तसंच म्हनला असता. मी बी.

त्या रातीला नानानं सांगितलं. सत्तर-बहात्तर वर्सांत बायकोला न्हाई, पोराला न्हाई, कुनाला सांगितलेलं नव्हतं.

लढाई चालली व्हती, म्हंजी दुसरी मोठी. पुण्याकडं छावन्या भरलेल्या, गोरं सोजीर, हजारांनी. त्यांना खायाला लागायचं. एक ठेकेदार व्हता. कोकनातनं ताम्हिनी घाटानं गुरं वर चढवायचा, हितल्या गावागावातनं आनखी गोळा करायचा, आन पायी हाकत छावनीकडं न्यायचा. त्याचा म्होरला गुराखी व्हता नाना. वीस-एकवीस वर्साचा, अंगानं धिप्पाड, गुरांत वाढलेला. कामाची रीत अशी, की एक म्होरक्या बैल ठेवायचा. सगळ्याम्होरं नाना आन म्होरक्या. बाकीची त्याच्यामागं गप चालत्यात. छावनीच्या फाटकात म्होरक्या शिरला की सगळी शिरत्यात. मंग म्होरक्याला दुसऱ्या अंगानं काढून घ्यायचं, आन पुढल्या खेपंला परत तोच. कळलं ना? तोच तेवढा माघारी यायचा.

लोकांना ठेकेदार सांगायचा, तोफा ओढाया न्यायलोय. लोकांनी इस्वासानं दिली. नाना म्हनला, मला ठाऊक व्हतं. पैल्या खेपंला कळलं व्हतं. पोटापायी बोललो न्हाई.

एका वर्सी खेप निघाली ती नेमकी पोळ्याच्या आदल्या दिशी. बैलं आपापल्या दारातनं उठवलेली. तांड्याच्या ओढ्यावर आली आन बसली. उठंनात. गावाकडं तोंड करून हंबरत ऱ्हायली. मारली, शेपट्या पिळल्या. न्हाई. उजाडायच्या आत पोचायचं व्हतं. ठेकेदाराचा मानूस नानाच्या अंगावर आला, तुला आनलंय कशाला म्हनून.

मंग नानानं काय केलं... जवळच्या वस्तीवरनं हळद आन लोनी मागून आनलं. आन एकेकाचा खांदा मळला. शंभरावर व्हती म्हनला. एकेकाच्या कानाशी जाऊन त्यानं ते शब्द म्हनले. तेच, मघाचे. सगळी गप झाली. उठली. त्याच्या मागं चालू लागली. गुरांना बी कळतंय रं, उद्या काय मिळनार असतंय ते.

"सकाळी आत गेली," नाना म्हनला. "मी फाटकाभायेर बसलो. ठेकेदाराच्या मानसानं भाकरी दिली. कुशाबा, मी ती खाल्ली. भूक लागली व्हती मला."

  मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. आन त्याच येळी त्या हाडाच्या सापळ्याकडं बघून कीव बी आली.

नाना म्हनला, "आली ना आज. आता आवतन उद्याचं हाय. आज कायबी टाकू नगा. उद्या समद्यांचं करा."

मी घरी निघालो. चार पावलांचं अंगन, तुमी रोज गाड्या लावता तेच. रिकामं व्हतं. चांद्या खांबाला बांधलेला, बाकी कायच न्हाई. आन मी... मी भिताडाला पाठ घासत, अंग चोरून, आडवा आडवा निघालो. मधीच मी म्हनलं, "सर... सर बाजूला." हात म्होरं करून. जनावरांच्या दाटीतनं जाताना म्हनतो तसं. दाराशी आल्यावर कळलं आपून काय करत व्हतो. रातभर डोळं उघडं.

शुक्रवारी दिस उगवल्यापास्नं वैनीची चूल पेटलेली. का, कशाला, तिनं इचारलं न्हाई. शंभरावर पुरनपोळ्या. गल्लीतल्या बायांना वाटलं म्हातारा बरा झाला म्हनून नवस फेडत्यात. शैलेशनं टेंपोभर हिरवा चारा पाठवला. अंगनापास्नं रस्त्याच्या वळनापत्तुर आमी चाऱ्याच्या पेंढ्या लावल्या, एकेका पेंढीवर एकेक पोळी. येनारी-जानारी हसत व्हती. कैलास आन मी मान वर न करता पोळ्या ठेवत ऱ्हायलो.

दुपारी चांद्याची पूजा झाली, चांद्या जेवला. कैलास ताट घून गेला, "नाना, बैल जेवला बग. आता घे."

"पाव्हनं जेवू देत. मंग."

सांज झाली. नानाला उचलून भायेर आनलं, खुर्चीत बसवलं. लाल खुर्ची, नवीकोरी व्हती तवा. अंगात बंडी, मांडीवर ताट. त्यानं रस्त्याकडं बघितलं आन हात जोडलं.

"या," म्हनला. "लई उशीर केला मी. या, जेवाया या."

मंग आमाला म्हनला, "चांद्याला मागल्या दारी न्या. तुमी आत जावा. दार लावा. मी हाक मारल्याबिगर उघडू नगा."

कैलास ऐकंना. बापाला अंधारात एकटं सोडायचं? नाना त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला, आन म्हनला, "त्यांना बी मी एकटं सोडलं व्हतं." मंग कैलास उठला.

दार लावलं. आत आमी तिघं. कैलास, वैनी, मी. वैनीनं लाईट बंद केली, का ते तिला बी सांगता येनार न्हाई.

सात वाजलं. कायच न्हाई.

साडेसात.

आठाला... आवाज सुरू झाला. चावन्याचा. रवंथाचा. दातांवर दात घासल्याचा. आधी दारापाशी. मंग लांब. मंग सगळीकडं. हंबरनं न्हाई, घुंगरू न्हाई. निस्तं चावनं.

वैनीनं पदर तोंडात धरला.

किती येळ गेला... सांगता येत न्हाई. मंग नानाचा आवाज आला. कुनाशी तरी बोलत व्हता. त्याचं तेवढं ऐकू यायचं.

"खा... खा बाबांनो."

गप.

"का?"

गप. चावनं चाललेलंच.

"...मी? मी कशाला?"

कैलास दाराकडं झेपावला. वैनीनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. तो हिसडं देतोय, नाना नाना करतोय...

"बरं," नाना म्हनला. अगदी सादं. कुनी घरी बोलावल्यावर म्हनतो ना, तसं. "बरं. येतो."

चावनं थांबलं.

आमी हाकंची वाट बघितली न्हाई. कडी काढली. अंगनात नाना खुर्चीत बसलेला. मान मागं टेकलेली, डोळं उघडं. गेला व्हता. मांडीवरचं ताट चाटूनपुसून सोच्छ. आठ दिसांनी जेवला बाप. कैलास ते ताट छातीशी धरून लहान पोरासारखा रडला.

आन चारा? पेंढीतली एक काडी हाललेली नव्हती. एकेका पोळीवर तूप थिजलेलं. अंगनापास्नं वळनापत्तुर. कुनी तोंड लावलं नव्हतं.

आता शेवटचं. जुईली, आन थोडं पानी.

रातीलाच आंघोळ घालायला घेतलं. मी पानी वततोय, कैलास बंडी काढतोय. काढली, आन त्याचा हात थांबला. नानाच्या दोन्ही खांद्यांवर हळद व्हती. लोन्यात कालवलेली, दाट. मळून मळून मुरवलेली, मानंपत्तुर. बंडी वरनं कोरडी. मी वैनीकडं बघितलं, वैनीनं कैलासकडं. तिघांनी "मी न्हाई" म्हनून मान हालवली. साबन लावला, राखंनं घासलं. तशीच ऱ्हायली. तशीच गेली त्याच्यासंगं.

सरन पेटल्यावर कैलास माझ्या शेजारी उभा व्हता. जाळाकडं बघत मला म्हनला, "कुशाबा, खांदा मळला म्हंजी आवतन दिलं ना त्याला?"

मी म्हनलं, "व्हय रं. जेवाया बोलावलं. माफ केलं त्यांनी."

 मंग म्हनला, "आपलं त्यांनी खाल्लं न्हाई पन." आन मंग म्हनला, "त्यांचं आवतन खरं असंल ना? नानानं दिल्यावानी... नसंल ना?"

  अजून बी तो दर वर्सी हेच इचारतो.

ती खुर्ची, मनीष. खांदं टेकत्यात तितं, पाठीला दोन पिवळं डाग हायेत. उन्हा-पावसात खुर्चीचा लाल रंग इटून गेला. डाग तसंच. वर्सभर कोरडं असत्यात, वैनी बोट लावून बघती. पोळ्याच्या आदल्या दिशी वलं व्हत्यात. बोटाला लोनी लागतं.

उद्या पोळा हाय.

तू दुपारी बसला व्हतास, तेवढंच ना? टेकला न्हाईस ना?

मनीष... काय इचारतोय मी?

जुईली, ती बॅटरी जरा हिकडं आन.